कल्ले उघडून

हर्णैला, हफिजा सोलकरच्या झेरॉक्सच्या दुकानात
काउंटरखाली एक वही असते,
दोनशे पानी, पुठ्ठ्याला माशाचा वास.
वास माझा.
अक्षर तिचं.

शिमगा होऊन गेला होता.
तनिष गोधडीत फोन घेऊन शिरला
आणि बाहेर आला तो गप्पच.
मांदेली ताटात गार झाली.
रात्री कधीतरी म्हणाला,
आई, मी फक्त शनीची कडी शोधत होतो.
मी काही दाबलं नाही. आपोआप उघडलं.
काय उघडलं ते मी विचारलं नाही.
नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडावर दिसतं.

सकाळी पाटी जावेकडे टाकून हफिजाकडे गेले.
म्हटलं, पाण्यात सोडते तेव्हा मी सांगते त्याला
खडक कुठे, ओढ कुठे.
इथे मलाच पोहता येत नाही.

ती हसली नाही. स्टूल पुढे केलं.
ताजी सुरमई कशी ओळखतेस?
कल्ले उघडून. लाल हवेत.
बोट दाबलं तर खड्डा राहू नये.
आणि वास तर दुरूनच येतो.
मग बस, म्हणाली.

तेव्हापासून संध्याकाळच्या लिलावाआधीचे
दोन तास आमचे.
ती उघडते, मी कल्ले बघते.
फुकट म्हणतं आणि कार्डाचा नंबर मागतं : शिळं.
मुलांच्या गोष्टी म्हणतं
आणि कोपऱ्यात बाई डोळा मारते : शिळं.
डाउनलोडची पाच बटणं, त्यातलं एकच खरं,
हे तर आमच्याच बाजारातलं,
वर चार ताजे, बर्फाखाली कालचे.
फुकटात गळ असतो हे माशाला कळत नाही.
मासेवालीला कळायला हवं.

पण सगळंच तसं नाही.
कुणी एक निवृत्त मास्तर, गाव ठाऊक नाही,
भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवतात.
मधेच त्यांची मांजर येते,
तिला कोपराने सारतात आणि पुढे सांगतात.
पैसे नाहीत. नाव-गाव विचारत नाहीत.
एका ठिकाणी जुनी पुस्तकं, पानं पिवळी,
एका पानावर कुणाचा तरी अंगठा आलेला फोटोत.
मला तो अंगठा फार आवडला.
बसून एकेक पान उलटलं असेल त्याने,
आम्हाला न ओळखता.
भरतीची वेळ सांगणारं एक मिळालं,
ते मी धक्क्याच्या पायरीवर उभं राहून पडताळलं.
दहा मिनिटं चुकलं. तरी घेतलं वहीत,
पुढे लिहायला लावलं : दहा मिनिटं धरा.

चांगल्यापुढे मासा, वाईटापुढे गळ.
चित्रं मी काढते, लिहायला माझा हात वळत नाही.

आता पाजपंढरीहून बायका येतात पत्ते उतरवून न्यायला.
हफिजाच्या नणंदेला झबल्याचे नमुने हवे होते,
इंजिन दुरुस्तीचं काहीतरी दत्ताराम चोगलेला.
उतरवायचे पैसे नाहीत. पान झेरॉक्स करायचे दोन रुपये.
शाई काय खाडीतून येते का, हफिजा म्हणते.

परवा मास्तरांचं पान उघडलंच नाही.
तीनदा केलं. नुसतं पांढरं.
गेली साइट, तनिष म्हणाला.
हफिजाने खोडायला पेन उचललं.
मी हात धरला तिचा.
मासा तसाच राहू दे म्हटलं.

आज घरी आले तर पडवीत
तनिष भाकरीचे आठ तुकडे करून
शेजारच्या ओवीला छेद नि अंश सांगत होता.
आमच्याकडे मांजर नाही,
बोंबील वाळत असताना कोण ठेवतो.
तरी मधेच तो थांबला,
नसलेली मांजर कोपराने बाजूला सारली
आणि पुढे सांगू लागला.