काट्यातली स्प्रिंग

अकरावीच्या वर्गात केझाया एकटीच आहे.
सगळ्या शाळेत मिळून पोरं नऊ,
त्यातली चार अजून दुधाचे दात पाडणारी.
फिजिक्सचे सर राहतात तिकडे सेंट जॉन्सला,
फेरीबोटीने चार तास, मग रस्त्याने अख्खा दिवस.
वर्षभरात आम्ही त्यांना पाहिलंय
फक्त खांद्यांपासून वर.

साडेअकराला तास.
त्या वेळी आमच्या खाडीत कुणी सिनेमा उतरवत नाही.
असा काही नियम नाही.
गेल्या हिवाळ्यात एकदा सर मध्येच गोठले, तोंड उघडं,
आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मी नुसतं बोलून गेले.
तेव्हापासून लीअँडरचा थोरलासुद्धा
त्या वेळेला गेम बंद करून लाकडं फोडायला जातो.

मी नववीत सोडली शाळा,
कॉडची मासेमारी बंद झाली त्या साली.
सोडली म्हणजे, कुणी धरून ठेवलं नाही.
तिच्या वहीतलं मला काही कळत नाही.
मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसून मोजे विणते,
ती अडली की सुया थांबवते.
एवढीच माझी शिकवणी.

फेब्रुवारीत प्रयोगाचं खोकं आलं,
वाऱ्यामुळे बोट नऊ दिवस उशिरा.
वजनं होती, स्टँड होता, फूटपट्टी होती.
स्प्रिंग यादीत होती, खोक्यात नव्हती.
फजबाईंनी खोकं उलटं करून झटकलं
(मुख्याध्यापिका त्याच, इतिहासाला त्याच,
बॉयलरही त्याच पेटवतात).
शुक्रवारपर्यंत आकडे पाठवायचे होते.

रात्री गार्लंड उठून शेडमध्ये गेला.
नवरा माझा बोलतो कमी, ठोकतो जास्त.
मासे तोलायचा बापाचा काटा घेऊन आला,
जेवणाच्या टेबलावर पाने-पक्कड पसरली
आणि काट्याच्या पोटातून स्प्रिंग काढली,
गंजलेली, मनगटाएवढी.
"घे."

पन्नास ग्रॅम लावले. शंभर. दोनशे.
मग खोक्यातली होती नव्हती तेवढी.
ढिम्म.
केझाया रडायच्या बेतात,
"बाबा, ही कॉडसाठी आहे!"
"मग कॉडएवढं लाव."

लीअँडरने रात्री आठला दुकान उघडलं.
मैद्याची पोती दहा किलोची, साखर दोनाची,
आणि पिशवीवर छापलेलं वजन खरं धरायचं ना,
असं पोरीनं विचारलं तर त्याला राग आला.
शाळेच्या व्हरांड्यातल्या लोखंडी दांड्याला
टांगलं सगळं. बाईंनी बॅटरी धरली.
गार्लंड पोती चढवत गेला.
चष्मा माझ्याकडेच होता, म्हणून
फूटपट्टी मी वाचली, मोठ्यानं:
चौदा.
थांबा. साडेचौदा.

शुक्रवारी सगळ्यांचे आकडे पडद्यावर आले.
कुणाचा चोवीस, कुणाचा सव्वीस,
आणि आमचा जवळजवळ सात हजार.
सर गप्प. मला वाटलं, पुन्हा गोठले.
"केझाया, ही स्प्रिंग कुठली?"
तिनं सांगितलं.
तेव्हा कुठल्या कुठल्या खाड्यांमधून
अकरा पिवळे हात वर आले एकदम,
कुणी म्हणे हॅलिबट लाव, कुणी म्हणे धाकट्या भावाला.
सरांनी आलेख मागितला.
बराच वेळ पाहिला.
"रेष सरळ आहे," म्हणाले.
मग, "फूटपट्टी कुणी वाचली?"
"आईनं."

सुया माझ्या थांबलेल्याच होत्या.

मार्चअखेरीस बोटीनं एक पाकीट आणलं.
त्यात हरवलेली स्प्रिंग,
पेनातल्यासारखी बारीक, चकचकीत.
खणात ठेवलीय, रबरबँडांत.
जुनी परत काट्यात बसवली.
खेकडे तोलायला घेतले तर आता
काटा अर्धा किलो जास्त दाखवतो.
धक्क्यावरची माणसं कुरकुरतात.
गार्लंड म्हणतो,
शिकून आलीय ती.