पाठ

छातीवर मी माझे मीच काढले ठिपके,
पोटावर, दंडांवर,
वाकून नडग्यांवरसुद्धा.
आता राहिली पाठ.
ती कुणालाच स्वतःची काढता येत नाही.

काठीच्या होळीला अजून एक रात्र आहे.
घुंगरू खाटेवर पडलेत. मी खाली, जमिनीवर;
नवस फिटेपर्यंत खाटेला शिवायचं नाही.
कंबरेला बांधायचे वाळलेले दुधी
भाची सेमली एकेक हलवून बघते,
बी वाजतं का.

खापरात राख, तांदळाचं पीठ, पाणी.
वहिनी म्हणते, पातळ झालंय, ओघळेल.
शेजारचा जेल्या न विचारता
आपल्या चुलीतली मूठभर राख आणून टाकतो.

पहिला ठसा मणक्यावर. गार.
सेमली सातवीत आहे आश्रमशाळेत.
तिथे चित्रकलेच्या तासाला
सर म्हणतात, ज्याने त्याने आपलं काढा,
शेजारच्या कागदात डोकावू नका.
इथे चार डोकी माझ्या पाठीत डोकावतात.
"तिरकं चाललंय."
"खांद्याकडून ये की."
"थांब, त्याला श्वास घेऊ दे."
एक हात पुसतो,
दुसरा तिथेच पुन्हा उमटतो,
कुणाचा कुठला, मला कळत नाही.

दिसत तर काहीच नाही.
मी नुसता मोजत बसतो:
ठिपका, ठिपका,
जागा,
ठिपका.
पुन्हा
ठिपका, ठिपका, जागा, ठिपका.

ही जागा माझ्या ओळखीची आहे.

शहाद्याकडच्या गुऱ्हाळात
चरकाने बाचं बोट नेलं, करंगळीशेजारचं.
त्या वर्षापासून बा चार बोटं टेकवायचा
आणि तीनच उमटायची.
तशाच पाठी रंगवल्या त्याने पाड्यावरच्या,
बसायला येईल त्याच्या.
बाला जाऊन दोन पावसाळे झाले.

मान वळवून बघतो:
सेमलीची बोटं धड आहेत, दहाच्या दहा.
ती त्यातलं एक मुडपते
आणि मग हात टेकवते.

"बोट का गं मुडपलंस?"
"असंच असतं ते."
"कुणी शिकवलं?"
"कुणी नाही. बघून."
जेल्याही मान हलवतो, असंच असतं.
त्याचंही बोट मुडपलेलंच.

सांगावं म्हणून तोंड उघडतो,
तर वहिनी ओरडते, हलू नको, सगळं फिसकटेल.
मी हलत नाही.

पहाटे काठीला
कॅमेरावाल्या एका माणसाने
माझी पाठ मलाच दाखवली, तळहाताएवढी.
ही मधली मोकळी जागा म्हणजे काय, म्हणाला,
नदी? डोंगरातली खिंड?
"बोट आहे," मी म्हणालो.
त्याने वहीत लिहिलं. काय लिहिलं कोण जाणे.

मग ढोल कडाडला आणि गोल धरला.
गोलात प्रत्येकाला
पुढच्याची पाठ तेवढी दिसते.
माझ्यापुढे रुमल्या, त्याच्यापुढे त्याचा पोर,
पुढे आमच्याच पाड्याचे सात-आठ जण,
घाम सुटलेला, ठिपके ओघळायला लागलेले,
जागा मात्र जशीच्या तशी कोरडी.

त्यांच्याही पुढे डोंगरापलीकडच्या गावची पोरं.
त्यांच्या पाठीवर सलग चार ठिपके, न चुकता.
मी बराच वेळ बघत नाचलो.
मला ते उगाच दाटीचं वाटलं.