पायाले इचारा

बेशरम उपटायला आम्ही अकरा जणी
मे महिन्यात तलावात उतरलो.
नाव ज्यानं ठेवलं, बरोबर ठेवलं त्यानं.
कांडी तोडून पाळीवर फेकली
तर आठव्या दिवशी तिथंच फुटून
जेवणाची वाट पाहणाऱ्या पाव्हण्यासारखा
उभा.

दुखरन वलथरे आडवा आला,
"माहा कुंपण नोका नेऊ.
तुमच्या गवतानं का बकऱ्या अडतेत?"
खरं होतं.
कुंपण ठेवलं.
गटात थोडं हरायचंही असतं.

आषाढात पंचफुलाबाईच्या माहेरच्या बोडीतून
ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं
चिला, परसूड,
पदराच्या गाठीत देवधानाचं बी.
डोळे मिटून ती चिखलातून चालायची
आणि थांबायची.
इथं चिला धरंल.
इथं नाही, इथला गाळ ट्रॅक्टरनं नेला.

साकोलीच्या साहेबांनी विचारलं, कशावरून?
"माह्या पायाले इचारा."
त्यांनी रकान्यात काय लिहिलं, मला दिसलं नाही.
मी माझ्या वहीत लिहिलं:
हजर अकरा, चहा दोनदा,
यमूचा तळवा शिंपल्यानं कापला.

भाद्रपदात पाणी गढूळ, काहीच कळेना.
दोघी यायच्या बंद झाल्या.
दुखरन पाळीवरून जाताना
मुद्दाम खोकायचा.

कार्तिकात एका सकाळी
पंचफुलाबाईनं लुगडं वर खोचलं,
गुडघाभर पाण्यात जाऊन
बराच वेळ नुसती उभी राहिली.
आम्ही काठावर, कोणी बोलेना.

मग एकाएकी ती हसली,
साठीची बाई, लहान पोरीसारखी.
"वो बाई,
गुदगुल्या होऊन रायल्या."