रकाना चौथा

रुवीच्या शाखेत टोकन एकशे बारा.
खिडकीतली बीना केरळची,
माझ्या हिंदीला तिनं आपल्या हिंदीनं सांभाळून घेतलं,
फॉर्म सरकवला.
एक, दोन, तीन भरून झाले.
चौथ्याशी पेन थांबलं:
मृत व्यक्तीशी कार्डधारकाचं नातं.

कार्डधारक मी. दत्ताराम चौगुले, एसी मेकॅनिक.
कार्ड काही मी मागायला गेलो नव्हतो.
कंपनीच्या गेटाशी टेबल टाकून बसलेल्या पोरानं
ते एका छत्रीसकट गळ्यात घातलं.
मस्कतमध्ये छत्री!
सोबत पुस्तिका, मुंगीच्या अक्षरातली:
प्रवासात अपघात झाल्यास अमुक हजार रियाल,
तिकीट याच कार्डावर काढलेलं असल्यास.
याकूबनं ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली,
म्हणाला, "दत्ता, तुझा जीव आता
पंचेचाळीस दिवस बिनव्याजी."

सलालाचं काम आटपून परतताना
मीच म्हटलं, दोन्ही तिकिटं कार्डावर घेऊ, पॉइंट मिळतील.
पंधरा रियाल. मशीननं चिठ्ठी ओकली.
त्यानं तिथल्या तिथं साडेसात मोजून हातात ठेवले,
पाचाची एक, एकाच्या दोन, एक अर्ध्याची.
उधारी त्याला चावायची.
खिडकी मात्र हक्कानं मागून घेतली.
काय असतं त्या रस्त्याला खिडकीबाहेर?
हैमापर्यंत वाळू, हैमानंतर वाळू.
"असू दे," म्हणाला, "हर्णैत कुणी विचारलं
काय बघितलंस, तर खोटं नको सांगायला."

हैमाला चहा घेतला.
पुढे पाऊण तासानं ट्रेलर, किंवा उंट,
किंवा ड्रायव्हरची डुलकी;
रिपोर्टात तिन्ही आहेत.
मला आठवतं ते एवढंच
की काच आधी होती.

माझा खांदा निखळला.
खांदा निखळणं म्हणजे अवयव गमावणं नव्हे, पान अकरा.

बीनानं दोन पासपोर्टांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या.
चौगुले. चौगुले.
तिचा आवाज उतरला. "भाऊ?"
आता हिला काय सांगू,
की आमच्याकडे एकच आडनाव
देवळात जाणाऱ्याला पुरतं नि मशिदीत जाणाऱ्यालाही,
की सतरा वर्षं त्याची खाट वर, माझी खाली,
की त्याच्या रोज्यांत मी पहाटे दूध तापवायचो
आणि मला कावीळ झाली तेव्हा
खोलीतलं तेल त्यानं महिनाभर कपाटात कुलूप लावून ठेवलं,
स्वतःसाठीसुद्धा काढलं नाही.
मी म्हटलं, हो. भाऊ.
तिनं पुस्तिका माझ्याकडे फिरवली, एका ओळीवर बोट ठेवलं.
पत्नी. तेवीसच्या आतली अविवाहित मुलं.
"भाऊ बसत नाही यात. सख्खा असला तरी."

म्हणजे खोटं बोललो तेही फुकट गेलं.
रकाना कोरा ठेवला.
ती म्हणाली, कोरा चालत नाही.
मग एक आडवी रेघ मारली,
जरा जोरातच लागली, खालच्या प्रतीवर उमटली.

महिनाअखेरीस बँकेचा हिशेब आला.
सलाला ते मस्कत, आसनं दोन, रियाल पंधरा.
जमा पॉइंट: तीस.
मरणाराचे पंधरा त्यांनी कापले नव्हते.

ते साडेसात माझ्या पाकिटात तसेच होते,
त्यानं घातलेल्या घडीत.
एक्स्चेंजच्या काउंटरवर घडी उलगडली.
पाठवणावळ दोन रियाल, ती मी वरून भरली.

संध्याकाळी हर्णैहून झुलेखावहिनींचा फोन.
"सोळाशे काहीतरी आलेत. कसले?"
मागं कुणीतरी भांडी घासत होतं.
म्हटलं, वहिनी, त्याचे सुट्टे राहिले होते माझ्याकडे.
त्या गप्प. भांड्यांचा आवाजही थांबला.
"हिशेबाचा पक्का होता तो," त्या म्हणाल्या.
आणि मग, जरा थांबून,
"नीट बघा हां दत्ताभाऊ.
अजून काही निघतंय का."