सुचवायचं नाही

कवटीचं झाकण उघडं, बाई जागी,
आणि टिपणीस मॅडम विचारतायत,
"गुणाबाई, टोपलीत काय काय आणलं आज?"
"बोंबील... मांदेली... कोलीम... चिंबोरी..."
बेलापूरच्या थिएटरात एकदम खाडीचा वास आला.
वास कसला, स्पिरिटच.
तरी आला.

नियम एकच. पेशंट अडला
तर कोणी सुचवायचं नाही.
त्या दिवशी नव्या पोरानं मास्कआडून "निवटी" म्हटलं,
तर त्याला बाहेर उभं केलं, टाके पडेपर्यंत.
शब्द अडतो तिथं बाई राहते, म्हणाल्या,
तिथं आपला हात थांबला पाहिजे.
थांबला.
सुतभर उशिरा.

एकवीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला.
ट्रे माझा, गॉझ मोजणं माझं.
निळ्या पुठ्ठ्याची वही मात्र त्यांची,
लॉकरमध्ये, चपलांच्या वरच्या खणात.
आम्हाला वाटायचं, हिशेब असेल,
किती वाचले, किती गेले.

निवृत्तीला हार घेतला नाही.
ट्रस्टी म्हणाले, वॉर्डाला तुमचं नाव देऊ.
म्हणाल्या, आधी तिथला नळ दुरुस्त करा.
जाताना वही माझ्या पिशवीत टाकली,
डबा टाकावा तशी.

नेरूळला घरी येऊन उघडली.
तारीख, नाव, आणि पुढे जे परत आलं नाही ते:
बजाबा घाडगे, माथाडी, वाशी – सत्तावीस.
गोणी मोजताना सव्वीसवरून अठ्ठावीसवर जातो.
रेहाना मुकादम, ऐरोली – धाकट्या नणंदेचं नाव.
एका पोरापुढे नुसतं, शीळ.
ज्यांचं काहीच गेलं नाही ते वहीत नाहीत.
जे घरीच गेले नाहीत, त्यांच्या नावापुढे
कोरी ओळ.
सोळा मोजल्या मी,
गॉझ मोजतात तशा, दोनदा.

आता तिथं हात दुसरे आहेत.
तो बाहेर काढलेला पोरगा
आता दुसऱ्यांना बाहेर काढतो.

रविवारी मी करावे गावात मासळीला जाते.
गुणाबाई वाटे लावते, भाव सांगते,
घासाघीस केली की शिव्या घालते,
आणि त्या एका टोपलीपाशी थांबते.
बोट दाखवते.
पदराच्या कडेला जुना वण हलतो.
चिखलात उड्या मारते ती,
तिचं नाव माझ्या जिभेवर आहे.

मागची गिऱ्हाईकं खोळंबलीत.
मी सुटे पैसे मुठीत धरून
उभी.