अकरा मिनिटं

ऋजुता म्हणते, बाबा, रेल्वेचा पास काढला
तर महिन्यात सात दिवस कुठंही हिंडता येतं.
आणि बसायला जागा?
त्याचे काही गाड्यांना वेगळे पडतात, म्हणते.
म्हणजे पास काढायचा आणि वर आरक्षणही.
ऐकून बरं वाटलं. आपल्यासारखीच माणसं दिसतायत.

धनकवडी, रात्रीचे साडेअकरा.
टेबलावर लॅपटॉप, उरलेल्या मटकीचं पातेलं
आणि युरोप.
ती युरोला तिच्या भावानं गुणते, मी सरळ शंभरानं.
माझा हिशेब चुकतो, पण त्यात
परतीच्या रिक्षाचे पैसे उरतात.

एकतीस वर्षं स्वारगेटला काढली.
आधी कंडक्टर, मग टाइमकीपर,
मग आतल्या खोलीत वेळापत्रकाचं टेबल.
गाडी लक्ष्मी रस्त्याला किती अडकणार
ते कागदावर लिहायची सोय नव्हती,
म्हणून मी दोन मिनिटं कात्रजला लपवून ठेवायचो.
ड्रायव्हरांना ठाऊक होतं.
साहेबांना नाही.

विमान बघा, एकोणीस युरो!
पॅरिसचं विमानतळ.
मी नकाशा मोठा करतो, अजून मोठा,
पॅरिस काही येत नाही.
माणसाला सासवडला उतरवायचं
आणि म्हणायचं, पुणे आलं.
तिथून शहरात जायला बस,
बसचे जवळजवळ विमानाएवढेच.
शिवाय बॅग हलकी हवी. सात किलो म्हणजे सात.

सकाळी ती बॅग स्कूटरवर पुढ्यात घेऊन
मार्केट यार्डात गेलो,
ढमढेऱ्यांच्या बटाट्याच्या काट्यावर ठेवली.
नऊ किलो दोनशे.
काय माल आहे? हमालानं विचारलं.
मुलगी, म्हणणार होतो.
म्हटलं, कपडे.

जीन्स निघाली, बूट निघाले,
भाजणी निघाली,
तिच्या आईनं मोज्यांत दडवलेली लोणच्याची बाटली निघाली.
भाजणी परत आत गेली.

मग राहिली रात्रीची बस.
क्राकोव्हहून निघते दहाला,
पहाटे व्हिएन्ना.
हॉस्टेलची एक रात्र वाचते, बाबा.
मी काही बोललो नाही.
डोणज्याला शेवटच्या गाडीचा मुक्काम असायचा.
मी आणि ड्रायव्हर म्हसवडे, मागच्या लांब सीटवर,
उशाला तिकिटांची पेटी,
काचेतून सिंहगडाचा गार वारा,
आणि पाच वाजता दूधवाले दार बडवायचे.
लॉजचे पैसे वाचतात, म्हटलं,
मानेचे जातात.
तिनं ते लगेच शर्वाणीला पाठवलं.
शर्वाणीचा अंगठा आला.
बस ठरली.

एकच गोष्ट मला मान्य नव्हती.
साल्झबर्गहून ल्युब्लियानाला जाताना
फिलाखला गाडी बदलायची. मध्ये अकरा मिनिटं.
तिकडं गाड्या वेळेवर असतात हो!
असतील.
पण आपली गाडी उशिरा आली
तर पुढच्या गाडीचा म्हसवडे थांबायचा,
लांबून दिवा मारायचा, या, या, म्हणून.
तिथं दिवा कोण मारणार?
मी पुढची गाडी शोधली.
भाडं तेवढंच, मुक्काम दोन तासांचा.
दोन तास काय करू मी त्या स्टेशनात?
बस, म्हटलं.
ती चिडली, मग हसली, मग
पुढची गाडी घेतली. का ते बोलली नाही.

ती झोपल्यावर
जुन्या ड्यूटी-तक्त्याच्या कोऱ्या बाजूला
सगळं पुन्हा हातानं लिहून काढलं.
ठिकाण, आगमन, प्रस्थान,
आणि एक जादा रकाना: चहा.
व्हिएन्नापुढं प्रश्नचिन्ह केलं,
पहाटे साडेपाचला कोण उघडं असणार.

फिलाखला दोन तास धरले.
आणि सवयीनं, पुढं कुठंतरी,
दोन मिनिटं लपवून ठेवली.
कुठं ते तिला सांगितलेलं नाही.