अळणी दर्या

मी आधी पाणी चाखलं.
चेंदणीची सवय, दुसरं काय.
आमच्याकडं नव्या पाण्याला आधी जिभेनं नाव विचारतात.
व्हिक्टोरिया. म्हणायला तळं,
पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात,
वाळत घातलेल्या बारक्या मासळीला आमच्याच अंगणाचा वास,
आणि चव?
पेज उकडली, मीठ राहिलं.
बराका हसला. म्हणाला, येणारे सगळे फोटो काढतात,
पिणारा तू पहिला.

म्वांझाच्या मासळी कारखान्यात
नऊ महिने कॉम्प्रेसर सांभाळले मी.
उणे अठरा अंशांत
माणसाएवढे मासे पाहिले, डोळे उघडे ठेवून झोपलेले.
शेवटच्या आठवड्यात मॅनेजरनं विचारलं, काय बघायचंय?
सिंह म्हणायला हवं होतं.
मी म्हणालो, होडीनंच जावं लागेल असं काहीही.

रुबोंडो.
इंजिन बंद केल्यावर जी शांतता येते
ती मला लहानपणापासून ठाऊक आहे.
तिच्यात एवढे पक्षी मात्र कधी ऐकले नव्हते.
पाणघोडा आधी खडक होता, मग नव्हता.
लव्हाळ्यात एक हरिण उभं होतं पोटभर पाण्यात,
खूर लांबट, फाकलेले, चिखलात न रुतणारे.
आमच्या खाडीत जन्मतं
तर निवट्या धरायला शिकलं असतं.

चिंपांझी दिसले नाहीत.
दिसली त्यांची घरटी, उंचावर,
फांद्या मोडून, दुमडून, पाठीखाली घेतलेल्या.
बराका सांगत होता, यांच्या आज्या
युरोपातल्या पिंजऱ्यांतून आल्या, खोक्यांत, जहाजानं.
पिंजऱ्याची फरशी तेवढी पाठीला माहीत.
मग कुणीतरी एका रात्री पहिली फांदी वाकवली असेल.
ती कोण होती, कुणी लिहून ठेवलेलं नाही.
मला उगाच बाबा आठवले.
वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाल्यावरही
सहा महिने सकाळी सातला डबा मागायचे.

घरी आलो तर आई ओट्यावर करंदी सोलत होती.
हात पदराला पुसले, फोन घेतला.
घरटं, घरटं, पाणी, झाड, पुन्हा घरटं.
"विमानानं गेलास नि झाडांचं फोटू आनलंस?"
मी सांगितलं, आई, ते राखीव आहे,
तिथं काडी तोडत नाहीत, जाळं टाकत नाहीत,
माणूस राहत नाही, फक्त रक्षक.
ती थांबली.
बोटाला चिकटलेलं करंदीचं साल तसंच.
"मंग पयलं जाली टाकाचं ते कोली गेलं कुठं?"

नऊ महिन्यांत मी बराकाला
डिझेलचा भाव विचारला होता,
पाणघोड्याचं वजन, त्याच्या मुलीचं नाव,
परतीला वारा कुठून लागेल.
हे नाही.
मी कोळ्याच्या पोटचा, आणि मला बेट
पहिल्यापासून रिकामंच वाटलं होतं.

ऐरोलीला आता रोहित बघायला होडी सुटते.
आमचा पोश्या सुकाणूवर असतो, निळ्या टी-शर्टात,
पाहुण्यांना लाईफ जॅकेटचे बंद बांधून देतो.
परवा म्हणाला, एका बाईनं विचारलं,
तुम्ही पण इथलेच का?
त्यानं काय सांगितलं, ते नाही बोलला.

रात्री बराकाला मेसेज टाकला.
मोडक्या इंग्रजीत, तीनदा खोडून.
एकच खूण आली. बेटावर रेंज नसते.

आई अजून फोन सोडत नव्हती.
दोन बोटांनी फोटो मोठा करत,
झाडांच्या मागं, पाण्याच्या कडेला,
माझ्या सावलीच्याही पलीकडं जात राहिली.
मग नखानं काच ठोकली.
"ह्यो दगड बग."
एक खडक. त्याच्या कमरेला
बोटभर खोल, गुळगुळीत, गोल फिरलेली खाच.
"दोर घासलाय," म्हणाली,
"लय वरसं."